मधले वर्ष



बारावीच्या परीक्षा आटोपल्या आहेत आणि निकाल अजून लागायचे आहेत, अशा दिवसांत आपण सारे येथे जमलो आहोत. समोर बसलेल्या मंडळींपैकी अनेकांच्या घरी या घटकेला एकच चर्चा चालू असेल. पुढे काय? अशा वेळी आम्ही येथे उभे राहून, ‘पुढे लगेच काहीच नको, मुलाचे एक वर्ष समाजाला द्या’, असे म्हणू लागलो तर मागच्या रांगांतील काही मंडळी हळूच उठतील, हे गृहीत धरूनच आम्ही हा विषय घेतला आहे. कार्यवाहांनी विषयाचे नाव ऐकून ‘लोकांना पटेल ना?’ असे विचारले होते. पटेल की नाही हे आम्हांला ठाऊक नाही. पण जे आधीच पटलेले आहे तेच ऐकायला माणसे उन्हाळ्यात संध्याकाळी घर सोडून येत नाहीत, असा आमचा समज आहे.

मधले वर्ष म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे. शाळा संपली आहे, विद्यापीठात पाऊल पडलेले नाही, वय सतरा-अठरा. या दोहोंच्या मध्ये साधारण दहा-बारा महिने मुलाने किंवा मुलीने घराबाहेर राहून एखाद्या रुग्णालयात, वस्तीतल्या शाळेत, अपंगांच्या किंवा वृद्धांच्या आश्रमात, नाही तर खेड्यातील पाण्याच्या कामावर रोजच्या रोज राबायचे. पगार नाही, राहणे, जेवण आणि हातखर्चापुरते पैसे. वर्ष संपले की विद्यापीठात जायचे. इंग्रजीत याला ‘गॅप इयर’ म्हणतात. ‘गॅप’ या शब्दात खिंडार आहे, फट आहे. म्हणून आम्हांला तो शब्द रुचत नाही.

आपल्याकडे तर या वर्षाला नावच नाही. ‘वर्ष वाया गेले’ एवढा एकच शब्दप्रयोग आपल्यापाशी आहे. कॉलेजात नाव घालताना बारावीनंतर एखादे वर्ष मोकळे दिसले की ‘गॅप सर्टिफिकेट’ आणा म्हणतात. म्हणजे मधल्या काळात मी दुसऱ्या कोठल्या संस्थेत दाखल नव्हतो आणि अमुक कारणाने शिक्षणात खंड पडला, असे प्रतिज्ञेवर लिहून द्यायचे. आजारी होतो असे लिहिले तर चालते. प्रवेशपरीक्षेची तयारी करीत होतो असे लिहिले तर कोणी मान वर करूनही पाहत नाही. पाड्यावरच्या मुलांना वाचायला शिकवीत होतो, असे ज्याने लिहिले त्याचे प्रतिज्ञापत्र मात्र खिडकीपलीकडचा कारकून दोनदा वाचील आणि मग विचारील, ‘पण नापास झाला होतास का?’

यावरून असे वाटेल की आमच्या मुलांना एक वर्षही मोकळे नसते. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. मेडिकलच्या किंवा इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेत पहिल्या खेपेस मनासारखे गुण पडले नाहीत म्हणून दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा बसणारी मुले लातूरला, नांदेडला, राजस्थानात कोट्याला भाड्याच्या खोल्यांतून राहतात. त्यांच्या वर्गाला ‘रिपीटर बॅच’ असे रोकडे नाव आहे. शिकवणीची फी, खोली, खानावळ मिळून त्या एका वर्षाचा खर्च लाखाच्या पुढेच जातो, आणि तो करण्यासाठी बाप भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढतो, कोणी जमीन गहाण टाकतो. त्या मुलांना आम्ही नावे ठेवीत नाही. त्यांची जिद्द आम्हांला दिसते. आमचे म्हणणे एवढेच आहे की महाराष्ट्रातील मध्यम वर्गापाशी मुलाचे एक वर्ष नाही, ही सबब खरी नाही. वर्ष आहे आणि त्यासाठी पैसाही उभा राहतो. मात्र बहुपर्यायी प्रश्नांखेरीज दुसऱ्या कोणत्या कामाला ते देता येईल, हा विचार घरात निघतच नाही.

तो इतरत्र कसा निघाला, ते पाहण्यासारखे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये तरुण पुरुषांना लष्करी नोकरीची सक्ती होती. १९५० पासून तिची मुदत दोन वर्षांची झाली. पुष्कळ मुलगे शाळा सुटल्यावर आधी ही दोन वर्षे पुरी करीत आणि मग विद्यापीठात जात. १९५७ साली सरकारने ही सक्ती बंद करण्याचे जाहीर केले आणि १९६० च्या अखेरीस शेवटची भरती झाली. सक्ती गेल्याचे दुःख कोणाला झाले नसेल; परंतु एक गोष्ट काहींच्या ध्यानात आली. आजवर मुलगा जग थोडेसे पाहून, दहा प्रकारच्या माणसांच्या पंक्तीला जेवून मग विद्यापीठाच्या दाराशी येत असे. यापुढे तो एका बाकावरून उठून दुसऱ्या बाकावर बसणार होता.

ज्यांच्या ध्यानात हे आले त्यांत अलेक डिक्सन हे एक गृहस्थ होते. पश्चिम आफ्रिकेत तरुणांना लोकसेवेचे शिक्षण देणारे एक केंद्र त्यांनी चालवले होते. १९५६ साली हंगेरीतील उठाव रशियन रणगाड्यांनी चिरडला आणि निर्वासितांचे लोंढे ऑस्ट्रियाच्या सरहद्दीवर येऊ लागले, तेव्हा डिक्सन पतिपत्नी तेथे मदतीला गेली होती. थंडीच्या रात्री येणाऱ्या माणसांना हात देणाऱ्यांत विद्यार्थी होते, आणि जबाबदारी अंगावर पडली की कोवळी मुलेही काय करू शकतात, हे त्यांनी तेथे पाहिले. १९५८ साली ‘संडे टाइम्स’ पत्रात पोर्टस्मथच्या बिशपांच्या सहीने एक पत्र प्रसिद्ध झाले. शाळा आणि विद्यापीठ यांच्या मधले एक वर्ष मुलांनी परदेशी जाऊन सेवेत घालवावे, असे त्याचे म्हणणे होते. पत्रामागची प्रेरणा डिक्सन यांची होती. त्याच वर्षी अठरा-एकोणीस वर्षांच्या मोजक्या मुलांची पहिली तुकडी निघाली. काहीजण बोर्निओ बेटावरील सारावाकला गेले. तेव्हा ती ब्रिटिश वसाहत होती, आज ते मलेशियाचे एक राज्य आहे. डिक्सन यांचे बंधू तेथील शिक्षणखात्यात होते म्हणून ते ठिकाण सुचले. मोठ्या कामांची सुरुवात पुष्कळदा अशी भावाच्या ओळखीने होते, त्यात कमीपणा काही नाही. या तुकडीतून ‘व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज’ ही संस्था उभी राहिली. अमेरिकेचे ‘पीस कोअर’ त्यानंतर तीन वर्षांनी, १९६१ साली निघाले.

पुढची हकीकत अधिक बोधक आहे. संस्था वाढली तसे यजमान देश म्हणू लागले की आम्हांला अठरा वर्षांची उत्साही मुले नकोत, शिकलेले शिक्षक, परिचारिका, इंजिनिअर पाठवा. मागणी रास्त होती. १९६२ पासून संस्थेने पदवीधर पाठवायला आरंभ केला आणि शाळकरी स्वयंसेवक हळूहळू मागे पडले. डिक्सन त्याच सुमारास संस्थेतून बाहेर पडले आणि १९६२ मध्येच त्यांनी ‘कम्युनिटी सर्व्हिस व्हॉलंटिअर्स’ ही दुसरी संस्था काढली. या वेळी समुद्र ओलांडायचा नव्हता. आपल्याच देशातील इस्पितळे, अपंगांची घरे, गरीब वस्त्या हे कार्यक्षेत्र. आणि एक नियम असा की जो तरुण काम मागायला येईल त्याला नाकारायचे नाही. परीक्षेत मागे पडलेला असो, सुधारगृहातून आलेला असो, त्याच्याजोगे काम शोधणे ही संस्थेची जबाबदारी. ज्या मुलाला आजवर सर्वांनी मदतीचा विषय मानले त्याच्याकडेच कोणी मदत मागितली तर तो निराळा माणूस होतो, अशी डिक्सन यांची धारणा होती. सारावाकच्या प्रवासापेक्षा हा दुसरा प्रयोग आम्हांला थोर वाटतो. त्याची प्रसिद्धी मात्र पहिल्याइतकी झाली नाही, कारण त्यात बोट नव्हती आणि जंगल नव्हते.

आता आपल्या देशाकडे येऊ. लंडनमध्ये हे चालले होते त्याच वेळी दिल्लीत याच वर्षाचा विचार चालला होता, आणि तो आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. पहिल्या पंचवार्षिक योजनेतच विद्यार्थ्यांनी एक वर्ष समाजसेवेला आणि श्रमाला द्यावे, असा विचार मांडलेला होता. १९५८ साली पंडित नेहरूंनी मुख्यमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रात, पदवी मिळण्याआधी समाजसेवा आवश्यक करावी काय, ही कल्पना काढली. पुढच्या वर्षी, म्हणजे १९५९ च्या ऑगस्टमध्ये, केंद्र सरकारने या प्रश्नावर एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते चिंतामणराव देशमुख.

महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, मॅट्रिकला पहिले आलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री, आणि मुंबईच्या प्रश्नावर ते मंत्रिपद सोडून देणारे चिंतामणराव तेव्हा विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांना भावनेच्या भरात वाहून जाणारा माणूस असे त्यांचे विरोधकही म्हणाले नसते. या हिशेबी माणसाच्या समितीने शिफारस काय केली? हायस्कूल पुरे करून कॉलेजात किंवा विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आधी नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा करावी. आणि ती सक्तीची असावी. थोडी लष्करी शिस्त, समाजसेवा, अंगमेहनत आणि सामान्य शिक्षण असा तिचा आराखडा होता.

म्हणजे ज्या कल्पनेला आज आपण परदेशी फॅड समजतो ती साठाहून अधिक वर्षांपूर्वी एका कोकणच्या माणसाने सरकारपुढे ठेवलेली होती. ती स्वीकारली गेली नाही. खर्च फार आणि अंमलबजावणी अवघड, ही कारणे दिली गेली, आणि ती खोटी नव्हती. त्यानंतर १९६० मध्ये के. जी. सैयिदैन यांना इतर देशांतील असे प्रयोग अभ्यासायला सांगण्यात आले. त्यांचा कल सक्तीऐवजी स्वेच्छेकडे पडला. कोठारी आयोगाने समाजसेवा शिक्षणाच्या सर्व पायऱ्यांवर असावी असे सांगितले. आणि शेवटी गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतून ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आपली मुले जिला ‘एनएसएस’ म्हणतात ती हीच.

एनएसएसने काही केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. भूकंपात, महापुरात, लसीकरणात तिची मुले धावली आहेत. परंतु देशमुखांचे एक वर्ष आटून आटून काय उरले ते पाहा. वर्षाला १२० तास, अशी दोन वर्षे, आणि एक सात दिवसांचे शिबिर. सात दिवसांत खेडे मुलांना पाहुणे समजते. पहिल्या दिवशी स्वागत, शेवटच्या दिवशी निरोप, मधल्या दोन दिवसांत रस्ता झाडून होतो. पाहुण्याला घरातले खरे काम कोणी सांगत नाही. ते सांगायला लागते तेव्हा तो पाहुणा राहिलेला नसतो, आणि त्याला महिने लागतात. एका वर्षाची गोष्ट तासांत मोजायला घेतली तेव्हाच तिचा प्राण गेला, असे आमचे मत आहे.

हे सारे अव्यवहार्य होते म्हणून सोडले, असे कोणी म्हणेल तर त्याला जर्मनीकडे बोट दाखवता येते. तेथे १९५४ साली बव्हेरियातील नॉयेनडेटेल्साउ या गावच्या धर्मादाय सेवासंस्थेचे प्रमुख हेरमान डीत्सफेल्बिंगर यांनी तरुण मुलींना आवाहन केले की आयुष्यातले एक वर्ष रुग्णांच्या आणि वृद्धांच्या सेवेला द्या. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या त्या देशात सेवेला हात पुरत नव्हते. हाक चर्चच्या संस्थेची होती. पण दहा वर्षांत, १९६४ साली, तिचा कायदा झाला. ‘स्वेच्छेचे सामाजिक वर्ष’ असे त्याचे नाव. २०११ मध्ये जर्मनीने सक्तीची लष्करभरती आणि तिच्या बदल्यातील नागरी सेवा स्थगित केली, तेव्हा संघराज्याने आणखी एक स्वयंसेवेची योजना त्याच्या जोडीला उभी केली. अशा सर्व योजनांतून तेथे दरवर्षी लाखाच्या आसपास माणसे, बहुतेक तरुण, काम करतात.

हा कायदा टाळ्यांसाठी केलेला नाही, त्यात बारीकसारीक तजवीज आहे. हातखर्चाचे पैसे द्यायचे. आजारपणाचा आणि निवृत्तिवेतनाचा विमा उतरवायचा. वर्षात २५ दिवस कामावरून सुट्टी देऊन चर्चासत्राला पाठवायचे. ते अशासाठी की इस्पितळात ज्याने आयुष्यातला पहिला मृत्यू पाहिला त्या पोराला त्याविषयी कोणाशी तरी बोलता आले पाहिजे. आणि प्रवेशाची खात्री. सेवेच्या आधी किंवा सेवेच्या काळात ज्याला मर्यादित जागांच्या अभ्यासक्रमात प्रवेश मिळालेला असेल, त्याचा परत आल्यावर त्या जागेवर अग्रहक्क राहतो. एवढ्या एका तरतुदीने जर्मन आईबापांची झोप वाचते. आपल्याकडे मिळालेली जागा पुढल्या वर्षासाठी राखून ठेवण्याची सोय सहसा नाही. आणि आमची मुले सेवेला जात नाहीत म्हणून त्यांना स्वार्थी म्हणण्याआधी हा नियम लक्षात घेतला पाहिजे.

आता या वर्षाची दुसरी बाजू. ती लपवून ठेवली तर आमच्या बोलण्याला अर्थ राहणार नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंड-अमेरिकेत या मधल्या वर्षाचा बाजार झाला. संस्थांच्या जागी कंपन्या आल्या. मुलाच्या बापाने हजारो पौंड भरायचे आणि मुलाने सहा आठवडे आफ्रिकेत किंवा आशियात जाऊन ‘सेवा’ करायची, असा सौदा ठरू लागला. ज्याने आयुष्यात थापी धरली नाही त्याने शाळेची भिंत बांधायची, आणि गावातल्या गवंड्याने हातावर हात ठेवून पाहायचे! पैसे सेवक देतो. मग काम सेवकाच्या सोयीचे निघणार, हे ओघानेच आले. याचे सर्वांत वाईट रूप अनाथाश्रमांत दिसले. नेपाळात १९९६ ते २००६ हे यादवीचे दशक. त्या काळात आणि नंतरही हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलाल मुले आणीत. ‘काठमांडूत शिकवू’ असे आईबापांना सांगत आणि मुलांना अनाथ म्हणून आश्रमात ठेवीत. कंबोडियातही आश्रमांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा बाप हयात असल्याचे आढळून आले. आश्रम का वाढले? तर अनाथांना जवळ घ्यायला परदेशी पाहुणे येत होते आणि येताना देणग्या आणीत होते. पाहुणा सहा आठवड्यांनी जाई. मूल पुन्हा एकदा टाकले जाई. २०१८ साली ऑस्ट्रेलियाने आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, तेव्हा संसदेच्या चौकशीत या व्यवहाराची दखल घेतली गेली.

या उदाहरणावरून कोणी म्हणेल, मग ही सेवाच नको. आम्ही त्यातून निराळा निष्कर्ष काढतो. काम कोणाला हवे आहे, हे आधी ठरले पाहिजे. सेवकाला अनुभव हवा म्हणून काम काढले तर ते नाटक होते, आणि त्या नाटकात गरिबाला न विचारता पात्र केले जाते. वस्ती मागते आहे, शाळा मागते आहे, वॉर्डातली परिचारिका मागते आहे, म्हणून मुलगा गेला, तर त्याला अनुभव मागावा लागत नाही.

यावर एक रोकडा प्रश्न उभा राहतो. अठरा वर्षांच्या पोराला येते काय, की कोणी त्याला मागावे? बारावी झालेल्या मुलाला साधा बँकेतला अर्ज भरता येत नाही, अशी तक्रार आपण सारेच करतो. याचे उत्तर आम्ही मुंबईच्या एका अनुभवाने देतो. ‘प्रथम’ ही शिक्षणसंस्था १९९५ मध्ये मुंबईत निघाली. पालिकेच्या शाळांत तिसरी-चौथीला पोचूनही ज्यांना अक्षरओळख धड नाही अशा मुलांसाठी तिने ‘बालसखी’ नेमल्या. या बालसख्या म्हणजे वस्तीतल्याच तरुण मुली. शिक्षण माध्यमिक शाळेपर्यंत, प्रशिक्षण अवघे दोन आठवड्यांचे, मानधन महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये. वर्गातली मागे पडलेली पंधरा-वीस मुले बाजूला घ्यायची आणि रोज दोन तास त्यांना वाचन व हिशेब शिकवायचा. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई व बडोदे येथे या कामाची काटेकोर तपासणी केली. काही शाळांत बालसखी होती, काहींत नव्हती, आणि दोन्हींची तुलना झाली. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बालसखी असलेल्या शाळांतील मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले होते, आणि सर्वांत मागच्या मुलांना सर्वांत अधिक लाभ झाला होता. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, हे आपण वृत्तपत्रांत वाचले असेल. पण ज्या मुलींनी ते तास घेतले त्यांची नावे आपण वाचली नाहीत.

सांगायचे ते हे की पदवी नसलेल्या तरुण माणसाला करण्याजोगे आणि मोजून पाहता येईल असे काम या देशात भरपूर पडले आहे. आजही ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी निम्म्यांच्या आसपास मुलांना दुसरीचा धडा सरळ वाचता येत नाही, असे ‘असर’च्या पाहणीत वर्षानुवर्षे दिसते. ज्याला वाचता येते आणि ज्याच्यापाशी रोज दोन तास व थोडा धीर आहे तो या कामाला पात्र आहे.

आणि काही वेळा नुसते जाऊन राहणे हेही काम असते. पन्नासच्या दशकात वरोड्याजवळ बाबा आमट्यांच्या आनंदवनात ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संस्थेचे देशोदेशीचे स्वयंसेवक आले. ते काही सारेच शाळकरी नव्हते. त्यांनी कुष्ठरोग्यांच्या बरोबरीने विटा उचलल्या, बांधकाम केले, तेथेच जेवले, तेथेच राहिले. त्या इमारती त्यांच्याशिवायही झाल्या असत्या, थोड्या उशिरा. परंतु धडधाकट तरुण माणसे रोग्यांच्या पंक्तीला बसतात आणि त्यांना काही होत नाही, हे वरोड्याच्या लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, आणि गावाची भीती कमी झाली.

सक्ती असावी का? चिंतामणरावांनी ती सुचवली होती. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून आम्ही या एका मुद्द्यावर त्यांच्याशी असहमत आहोत. सरकारी खर्चाने डॉक्टर झालेल्यांना महाराष्ट्रात एक वर्ष शासकीय सेवेची अट आहे. आणि दंड भरून त्यातून सुटलेलेही आहेत. पैसा भरून सुटता येते अशी सक्ती फक्त ज्याच्यापाशी पैसा नाही त्याच्यावर होते. शिवाय नाइलाजाने आलेला मुलगा वृद्धाश्रमात कोणाचे पाय दाबीत बसला आहे, हे चित्र त्या वृद्धालाही सुखावह नाही.

पण नुसते ‘स्वेच्छेने या’ म्हणून भागत नाही. स्वेच्छा परवडावी लागते. शेतमजुराचा मुलगा बारावी झाला की त्या घराला पहिला पगार हवा असतो. त्याला ‘एक वर्ष समाजाला दे’ म्हणणे क्रूरपणाचे आहे. त्याच्या घराने समाजाला पिढ्यान्‌पिढ्या दिले आहे. म्हणून या वर्षात मानधन असलेच पाहिजे, नाही तर ते खात्यापित्या घरच्या मुलांचे भूषण होऊन बसेल आणि पुढे नोकरीच्या अर्जात तेवढे चमकेल. उदाहरणादाखल महिना सहा हजार धरू. दहा महिन्यांचे साठ हजार; दहा मुलांचे सहा लाख. आपल्या गावातील एखाद्या मोठ्या मंडळाचा दहा दिवसांचा खर्च किती होतो, हे येथे बसलेल्या काही कार्यकर्त्यांना आमच्यापेक्षा चांगले माहीत आहे.

मुलींचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि त्याविषयी व्यासपीठावरून कोणी बोलत नाही. मुलगी बारावीनंतर कॉलेजात गेली की निदान तीन वर्षे स्थळांची चर्चा पुढे ढकलता येते. तेच एक वर्ष ती ‘नुसती’ आहे असे नातेवाइकांना कळले की मामा-काका पत्रिका मागू लागतात. कॉलेज हे अनेक मुलींच्या बाबतीत शिक्षणाइतकेच संरक्षणही आहे. तेव्हा मधल्या वर्षाचे नियुक्तिपत्र, त्यावर संस्थेचा शिक्का, राहण्याची निर्धोक सोय आणि पुढल्या जूनमधला पक्का प्रवेश या चार गोष्टी हातात असल्याशिवाय कोणत्याही मुलीला या वाटेने जा असे आम्ही सांगणार नाही. हे असेल तर मात्र तिच्या घरच्यांनी अडवू नये. बालसखी होण्यासाठी मुंबईच्या वस्त्यांतून पुढे आल्या त्या मुलीच होत्या, याचा विसर पडू नये.

यातले पहिले पाऊल कोठे टाकता येईल? आमच्या मते प्रवेशाच्या नियमात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम मध्येच थांबवून पुन्हा सुरू करण्याची वाट मान्य केली आहे, आणि २०२१ पासून मिळवलेली श्रेयांके जमा ठेवणारी व्यवस्थाही आहे. म्हणजे आत शिरल्यानंतर थांबायला परवानगी आहे, दाराबाहेर थांबायला नाही. एकदा मिळालेली जागा, मान्यताप्राप्त संस्थेत दहा महिने काम केल्याच्या दाखल्यावर, पुढल्या वर्षी तशीच मिळेल, एवढा एक ठराव विद्यापीठाच्या विद्वत्सभेने आणि प्रवेशाचे नियम करणाऱ्यांनी केला तर त्याला सरकारी तिजोरीतून एक पैसाही लागत नाही. आपल्या तालुक्यातील दोन प्राचार्य आज सभेला आले आहेत, त्यांना आम्ही हे मुद्दाम ऐकवीत आहोत.

दुसरे काम नागरिकांचे. या गावात आणि आसपास खरोखर हात हवे आहेत अशी ठिकाणे कोणती, याची यादी करणे. सरकारी रुग्णालय, जिल्हा परिषदेच्या शाळा, अंधशाळा, वाचनालय, ऊसतोड मजुरांच्या मुलांची हंगामी वसतिगृहे. प्रत्येक ठिकाणी जाऊन विचारायचे, ‘तुम्हांला दहा महिन्यांसाठी मुलगा किंवा मुलगी हवी का, कशासाठी हवी, आणि तिच्यावर लक्ष कोण ठेवील?’ तिसऱ्या प्रश्नाला जेथे नाव मिळणार नाही तेथे मूल पाठवायचे नाही. अशी पाच ठिकाणे निघाली तरी पहिल्या वर्षाला पुरेत.

अध्यक्षांनी प्रश्नांसाठी पंधरा मिनिटे राखून ठेवली आहेत. पहिल्या रांगेतील मंडळींनी थोडे थांबावे. ज्यांच्या घरी या वर्षी बारावीला बसलेली मुलगी आहे त्यांनी आधी विचारावे, अशी आमची विनंती आहे.